डंकनची टेकडी आणि तीन नकार

स्कॉटलंडला जाऊन आलेले लोक तिथल्या किल्ल्यांविषयी, सरोवरांविषयी आणि व्हिस्कीविषयी लिहितात. मी यांतलं काहीही धड पाहिलं नाही. मी एक टेकडी पाहिली, आणि तीही बरीचशी आतून.

टेकडीचं नाव इथे देत नाही. ते लिहायला पुष्कळ अक्षरं लागतात आणि त्यांतली बहुतेक उच्चारायची नसतात. ज्यांच्या परसात ती उभी आहे ते डंकन तिला नुसतं ‘टेकडी’ म्हणतात. मी पुण्याचा असल्यामुळे टेकडी म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी जावं, वर वारा खावा, खाली येऊन भेळ खावी. या गैरसमजावर मी सिंगापूरहून निघालो.

क्वीन्सटाउन

आमची सई शिकायला ग्लासगोला गेली आणि पदवीबरोबर कॅलम घेऊन आली. मुलगा चांगला आहे. आता दोघंही सिंगापूरलाच नोकरी करतात आणि रविवारी आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर जेवायला येतात. लग्न डिसेंबरात सिंगापूरला ठरलं. पुण्याच्या गुरुजींनी मुहूर्त काढला, माझ्या बायकोनं, शुभदानं, हॉल मिळवला. सिंगापुरात डिसेंबरातल्या शनिवारी हॉल मिळवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मी फक्त एवढंच सांगतो, की हॉलच्या मॅनेजरनं त्यानंतर नोकरी सोडली.

कॅलमला आई नाही. वडील तेवढे आहेत. निवृत्त जनावरांचे डॉक्टर, स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला एका कुत्र्यासोबत राहतात. कॅलमनं त्यांना फोन करून तारीख सांगितली. ते म्हणाले, “नाही.”

“मग?” शुभदानं विचारलं.

“मग काही नाही. ते नाही म्हणाले.”

“अरे, पण तू परत विचारलंस ना?”

“परत कशाला?” कॅलम म्हणाला. “ते नाही म्हणाले ना.”

आम्ही दोघं त्याच्याकडे बघतच राहिलो. आमच्या घरात पहिला ‘नाही’ म्हणजे माणसानं घसा साफ केला असं धरतात. दुसरा ‘नाही’ म्हणजे ऐकू आलं याची पोच. खरं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर येतं. माझे सासरे तर तिसऱ्या वेळेलाही नको म्हणायचे आणि ताट पुढे करायचे.

त्या रविवारी कॅलम फार जेवला नाही. सई मला बाल्कनीत घेऊन गेली. “बाबा, ही इज नॉट ओके, यू नो. वन पेरेंट ओन्ली, अँड दॅट वन ऑल्सो नॉट कमिंग. तो म्हणतो, असं असेल तर वेडिंगच नको, जस्ट साइन अँड फिनिश.”

हे शुभदाला कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर आधी मुलगी आली की हॉल, ते मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, “चूक आपली आहे. आमंत्रण फोनवर देतात का? घरी जाऊन, हातात अक्षता देऊन करायचं असतं. फोनवर बोलावलं असतं तर माझा सख्खा भाऊसुद्धा आला नसता.”

“अगं, पण ते घर सात समुद्रांपलीकडे आहे.”

“मग आपण काय चालत जाणार आहोत?”

डंकनना ‘येतो आहोत’ असं कळवलं. उत्तर आलं: ‘या. टेकडीवर जाऊ.’

इथे एक सांगायला हवं. कॅलमशी पहिल्या ओळखीत मी सह्याद्रीतले सगळे किल्ले चढलो आहे असं म्हणालो होतो. काही किल्ले तर बांधून व्हायच्या आधी. हे त्यानं वडिलांना जसंच्या तसं कळवलं होतं. तेव्हा तयारी करणं भाग होतं. मी आमच्या ब्लॉकचे जिने चढू लागलो. बाराव्या मजल्यावरच्या चिनी आँटीनं मला कठड्याला धरून उभं पाहिलं.

“अंकल, लिफ्ट स्पॉइल आ?”

“नाही आँटी, ट्रेनिंग. स्कॉटलंडला हिल चढायचीय.”

तिनं मला खालून वर पाहिलं. “हिअर ऑल्सो कॅन डाय वॉट. वाय गो सो फार?”

पुढच्या शनिवारी बुकित तिमा सर केलं. सिंगापूरचं ते सर्वोच्च शिखर. वर शिळेजवळ फोटो काढायला रांग असते. रांगेत एका माकडानं माझी केळी नेली आणि शिळेजवळ आधी त्याचाच नंबर लागला.

एका गाडीचा रस्ता

विमानं, विमानतळ सगळीकडे सारखीच. ते सोडून देतो. जूनमध्ये इनव्हर्नेसला भाड्याची गाडी घेतली आणि उत्तरेकडे निघालो. हळूहळू झाडं संपली, मग घरं संपली, मग रस्त्याची अर्धी रुंदी संपली. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून दोन्हीकडची वाहनं जातात. मध्ये मध्ये बाजूला थांबायला जागा केलेल्या असतात. समोरून गाडी आली की कुणीतरी एकानं तिथे थांबायचं आणि दुसऱ्यानं जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. तेवढेच आभार. हॉर्न नाही, काच खाली करून कुणाच्या आईची चौकशी नाही.

मला एक बोट फारच कंजूषपणाचं वाटलं. मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

“अहो, चाक धरा!” शुभदा ओरडली.

समोरचा म्हातारा मात्र खूश झाला असावा, कारण तो बराच वेळ आमच्याकडे वळून पाहत होता. तो खड्ड्यात गेला नाही हे त्याचं नशीब.

दोन्ही बाजूंना तपकिरी, ओलं, उघडं माळरान. त्यात आरसा फुटून पडावा तशी तळी. आणि या सपाटीवर मध्येच, आगापिछा नसलेले एकेकटे डोंगर. आपल्याकडे डोंगराला रांग असते, भाऊबंद असतात. इथले डोंगर भांडून वेगळे निघाल्यासारखे दूर दूर बसले आहेत. त्यांतल्या सगळ्यांत रागावलेल्या डोंगराच्या पायथ्याशी एक पांढरं घर दिसलं.

“आपली टेकडी याच्या मागे असेल,” मी म्हणालो.

शुभदानं डोंगराकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

डंकनचं घर

डंकन उंच, हाडापेरानं मोठे आणि बोलण्यात अतिशय काटकसरी. त्यांच्याहून जास्त त्यांचा मॉस नावाचा कुत्रा बोलतो. तोही क्वचितच.

“प्रवास?” त्यांनी विचारलं.

मी प्रवास सांगितला. ढगात अडकलेलं विमान, वैमानिकानं माझा घेतलेला सल्ला, सगळं. डंकननी शेवटपर्यंत ऐकलं आणि “हं” म्हणाले. एवढ्या लांबलचक गोष्टीला इतका छोटा ‘हं’ मला आयुष्यात मिळाला नव्हता.

चहा झाला. त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला. लोण्याची, जाड, कडेला साखर लावलेली बिस्किटं. आम्ही सकाळपासून उपाशी होतो.

“बिस्किट?”

“नको नको,” मी म्हणालो.

“अहो, कशाला!” शुभदाही म्हणाली.

डंकननी डब्याचं झाकण लावलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. डबा फळीवर गेला आणि आम्ही दोघं, एकमेकांकडे न बघता, फळीकडे बघत राहिलो.

जेवणानंतर शुभदा साडी नेसून आली. तिनं डंकनच्या हातावर अक्षता ठेवल्या, आमंत्रण पत्रिका दिली आणि अगदी रीतसर म्हणाली, “लग्नाला यायचं हं. तुमच्याशिवाय शोभा नाही.”

डंकननी तळहातावरचे तांदूळ निरखून पाहिले. जणू काही कुणाच्या पोटातून निघालेत. मग ते सांडू नयेत म्हणून मूठ मिटून घेतली आणि म्हणाले, “आभारी आहे. पण नाही.”

शुभदा समाधानानं हसली. झोपायला जाताना मला म्हणाली, “झाला एक. उरलेले दोन तुम्ही उद्या टेकडीवर उरका.”

टेकडी, खालून

“किती चालायचंय?” मी सकाळी विचारलं.

“थोडं.”

“हवा कशी?”

“बरी.”

स्कॉटिश भाषेत ‘थोडं’ आणि ‘बरी’ यांचे अर्थ नंतर कळले. दुपारपर्यंत आम्ही फक्त टेकडीकडे जात होतो. ती जवळ यायचं नाव घेत नव्हती. सुरुवातीला वारा नव्हता तेव्हा मिज आले. हे डासाहून पुष्कळ लहान, पण ढगानं येतात. सिंगापुरात एक डास सापडला तर सरकारी माणूस घरी येऊन कुंडीखालची बशी तपासतो. इथे सरकारचा धीर झालेला दिसत नाही. एका थव्यानं मला जमिनीवरून चार बोटं उचललंही होतं, पण वजन बघून परत ठेवलं.

मग वारा सुटला. मिज गेले. त्यांच्यामागून माझी टोपी गेली. वारा असा, की मी डंकनना विचारलेला प्रश्न पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाला ऐकू गेला आणि तो हो म्हणाला. पाऊसही आला. वरून नव्हे, समोरून, ओळख असल्यासारखा.

“पाऊस आला,” मी ओरडलो.

डंकननी वर बघितलं. “किंचित ओलसर आहे,” ते म्हणाले.

आणि मग ते दलदलीचं रान. वरून बघावं तर हिरवंगार, मऊ, लॉनसारखं. डंकन त्याला वळसा घालून गेले. मी म्हटलं, हिरवळ सोडून दगडांतून कशाला जायचं? मी सरळ गेलो. तीन पावलं मी टेकडीवर होतो. चौथ्या पावलाला टेकडीत.

कमरेपर्यंत गेलो. चिखल काळा, थंड, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. डंकन थांबले, वळले.

“मदत हवी आहे का?”

आणि मी, सांगायला नको होतं पण सांगतो, मी म्हणालो, “नको नको! तुम्ही कशाला त्रास घेता!”

हे मी बोललो नाही. माझ्या पाच पिढ्या बोलल्या. डंकननी मान हलवली आणि ते चालू लागले.

मी त्यांची पाठ बघत राहिलो. पाठ लहान होत गेली. मी हळूहळू खाली. माणूस इतका सरळ असू शकतो यावर माझा विश्वास बसेना. मॉस मात्र हलला नाही. तो माझ्यासमोर बसला आणि मालकाकडे बघून एकदा भुंकला. दिवसभरातलं त्याचं पहिलं वाक्य.

डंकन परत आले.

“तुम्ही नको म्हणालात,” ते म्हणाले.

“म्हणालो खरं.”

“मग हवी आहे का?”

“तुमचं काम नसेल तर.”

त्यांनी पिशवीतून दोरी काढली, माझ्या काखेतून घेतली, टाच दगडाला लावली आणि ओढलं. हा माणूस चाळीस वर्षं अडलेल्या गाईंची वासरं ओढत होता. त्या कौशल्यानं मी बाहेर आलो. आधी मी आलो, उजवा बूट मागाहून वेगळा आला.

“डोक्याकडून आलात ते बरं,” डंकन म्हणाले. “पायाकडून असता तर अवघड होतं.”

दगडी खोपी

वाटेत एक बेवारशी दगडी खोपी आहे. दार लोटायचं, आत बसायचं, जाताना झाडून जायचं. ना कुलूप, ना राखणदार. सिंगापुरात असती तर तिच्या भिंतीवर तिच्यात काय काय करू नये याच्या पाट्या लागल्या असत्या.

तिथे बसून मी पायमोजे पिळले आणि डंकनना आग्रह समजावून सांगितला. पाहुण्यानं आधी नको म्हणायचं. यजमानानं पुन्हा विचारायचं. पाहुण्यानं पुन्हा नको म्हणायचं. लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं, आणि दोनदा विचारून थांबलं तर यजमान कोरडा दिसतो.

“म्हणजे तिसऱ्यांदा खरं?”

“तिसऱ्यांदा खरं.”

डंकननी बराच विचार केला. “मग काल ती बिस्किटं...”

“हवी होती.”

“दोघांना?”

“फार.”

ते पहिल्यांदाच जरा अस्वस्थ दिसले. “मग तुम्ही लोक जेवता कधी?”

“उशिरा.”

त्यांनी थर्मास उघडला. बार्लीचं सूप. वासानं माझे कान हलले. डंकन सरळ बसले, इंजेक्शन द्यायला बसतात तसे.

“सूप?”

“नको.”

“सूप?”

“नको हो, खरंच.”

“सूप,” ते म्हणाले, आणि पेला माझ्या हातात दिला. चेहऱ्यावर एक औषध लागू पडल्याचं समाधान.

मी बेसनाचे लाडू काढले. शुभदानं पाठवलेले. डंकन नको म्हणाले. पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा खाल्ला. मग दुसरा न विचारताच घेतला, म्हणजे शिक्षण थोडं अर्धवटच राहिलं होतं.

लाडू तोंडात आहे तोवर मी म्हटलं, “लग्नाला या.”

ते चावायचे थांबले. “नाही,” ते म्हणाले, आणि दाराबाहेर गेले.

झाले दोन. पण हा नकार मला आवडला नाही. आमच्याकडचा दुसरा नकार सैल असतो, त्यात बोट घालायला जागा असते. याला फट नव्हती. मी बूट बांधत असताना पहिल्यांदा मनात आलं, की हा माणूस खरोखरच येणार नाही. आणि मग सईचं ‘साइन अँड फिनिश’. सई सोडा, रविवारी ताटात बोटं फिरवत बसलेला तो मुलगा. त्याला जाऊन काय सांगू? तुझ्या बापाला मी तीनदा विचारलं?

वर

शेवटचा चढ दगडांचा. त्याबद्दल मी काही वाढवून सांगणार नाही, कारण जागाच नाही. चारही हातापायांवर चढलो. वर ढग होता. ढगात दगडांची एक रास, माणसाच्या छातीइतकी उंच. येणाऱ्यानं त्यावर एक दगड ठेवायचा, अशी रीत. डंकननी खिशातून दगड काढला. खालून, घराजवळून आणलेला. ठेवला. मीही एक शोधून ठेवला.

तेवढ्यात ढग फाटला. खाली सगळं एकदम: तळी, तळ्यांत तळी, समुद्र, बेटं, आणि त्या सगळ्यावरून सरकत जाणारा उन्हाचा एक तुकडा, कुणीतरी कंदील घेऊन काहीतरी शोधत असावं तसा. माणूस नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला काही सुचलं नाही. घरी हे कुणी खरं मानत नाही.

“बरं दिसतं,” डंकन म्हणाले.

मी म्हटलं, “डंकन, तिसऱ्यांदा विचारतो. लग्नाला या. आणि येणार नसाल तर का ते सांगा. आमच्याकडे तिसऱ्याला कारण द्यावं लागतं.” हा नियम मी तिथेच केला.

त्यांनी राशीवरचा दगड उगाचच जरा सरकवला.

“त्या दिवशी मी इथे असतो,” ते म्हणाले.

“डिसेंबरात? बर्फात?”

“थोडं पांढरं असतं.”

“पण त्याच दिवशी का?”

“मॉराला लग्नाचं विचारलं होतं. इथे. त्या तारखेला.” मॉरा म्हणजे कॅलमची आई. “दर वर्षी दोघं यायचो. आता मी येतो. मुलाला माहीत नाही. त्याला तारीख बदलायला लावायची नाही.”

मी विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

“नाही म्हणाली.”

“मग?”

“उतरताना त्या दलदलीपाशी परत विचारलं. नाही म्हणाली. घराच्या फाटकाशी आलो तेव्हा हो म्हणाली.”

“अहो डंकन,” मी म्हणालो, “मग बाई आमच्याकडची होती!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाची एक बाजू थोडी वर गेली. “मला वाटायचं, ती एकटीच तशी,” ते म्हणाले.

चूक आमची होती. गुरुजींनी पत्रिका पाहिल्या, ग्रह पाहिले, शुभदानं हॉलची सोय पाहिली. आणि ज्याला एकच मुलगा आहे त्याला, बाबा रे तुला ही तारीख चालेल का, एवढं कुणी विचारलं नाही. व्याह्यांना विचारून तारीख धरायची असते, हे मला शिकवायला आजोबा नव्हते असं नाही.

“तारीख बदलतो,” मी म्हणालो.

“नको,” डंकन म्हणाले.

“बदलतो.”

“नको. खरंच.”

“डंकन, बदलतो.”

तिसऱ्यांदा ‘नको’ आलं नाही. मग ते म्हणाले, “मुलाला कारण सांगू नका.” आणि मॉसला घेऊन उतरू लागले.

फाटकापाशी

फाटकाशी शुभदा उभी होती. तिनं मला पाहिलं. कमरेखाली काळा, कमरेवर करडा, एका बुटात माती, एकात पाणी.

“आणि?”

“येणार. पण मुहूर्त बदलायचा. त्याच्या पुढचा शनिवार.”

“का?”

मी श्वास घेतला आणि सांगितलं, की शिखरावर रेंज आली, गुरुजींचा फोन आला, पहिल्या मुहूर्तात त्यांना गुरूचा काहीतरी दोष सापडला, ते घाबरले होते, त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं.

शुभदानं शांतपणे ऐकलं. माझ्या खिशातल्या फोनमधून चिखलाचं पाणी गळत होतं. तिनं ते पाहिलं. मग माझ्यामागे, मान खाली घालून, कुत्र्याचे पाय फार वेळ पुसत बसलेल्या डंकनकडे पाहिलं.

“हॉलवाल्याला मी बघते,” ती म्हणाली. एवढंच. त्यानंतर तिनं मला आजतागायत काही विचारलेलं नाही.

हॉलच्या नव्या मॅनेजरनंही नोकरी सोडली असं ऐकतो.

हे गुपित मी इथे लिहितो आहे ते नीट विचार करून. डंकनना मराठी येत नाही. सई देवनागरी वाचते, पण एका परिच्छेदाला तिला एक चहा लागतो. आणि कॅलम शिकतो आहे, पण अजून ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्यामध्ये कुठेतरी आहे.

परत सिंगापूर

डंकन आले. चांगी विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा दमट हवेनं त्यांचा चष्मा पांढरा झाला. “किंचित उबदार आहे,” ते म्हणाले. बिचाऱ्याचा गळपट्टा अजून गळ्यातच होता. मी त्यांना बुकित तिमाला नेलं. शिखरावर पोचल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “टेकडी कुठून सुरू होते?”

लग्न लागलं. हातातल्या अक्षता त्यांनी योग्य वेळी, योग्य दिशेला टाकल्या. त्यांतल्या काही पिवळट जुन्या दिसत होत्या. जूनपासून मूठ मिटूनच ठेवल्यासारख्या.

मग पंगत. शुभदाचा हट्ट, केळीच्या पानावर, आग्रहानं वाढायचं. मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन डंकनपाशी पोचलो. त्यांनी पानावरचं श्रीखंड निपटून काढलं होतं. बोटंही.

“श्रीखंड?”

“नको,” डंकन म्हणाले. डोळे पानावर.

“श्रीखंड?”

“नको हो, खरंच,” ते म्हणाले. अगदी माझ्याच सुरात, हात किंचित वर करून. चाळीस वर्षं पुण्यात काढल्यासारखे. मग जरा सावरून बसले आणि वाट बघू लागले.

मी मान हलवली, पातेलं उचललं आणि पुढच्या पानाकडे वळलो.

दोन पावलं गेलो असेन. मागून आवाज आला, दबका, पण अडलेल्या माणसाचा.

“अजून एकदा विचारा.”